तेवीस घरं आणि गणिताची एक जुनी वही

१२ जानेवारी २०२५, रविवार. दुपारी जेवणं आटोपून जरा आडवी होते, तेवढ्यात घरमालकांचा फोन आला. एरवी ते दिवाळीला आणि करार संपायच्या आधी असा वर्षातून दोनदाच फोन करतात. मुलाचं लग्न ठरलंय, जागा त्याला लागणार आहे, ३१ मार्चला करार संपतोय तेव्हा नवीन नको करूया, एवढंच बोलणं. आवाजात संकोच होता. मी "अभिनंदन" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत बसले.

डोंबिवली पश्चिमेच्या त्या वन बीएचकेत आम्ही सात वर्षं होतो. भाडं १३,५००, डिपॉझिट ४०,०००. मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. आईंचे गुडघे दुखतात, म्हणजे लिफ्ट हवी किंवा तळमजला. माझं ऑफिस ठाण्यात, नवऱ्याचं घाटकोपरला. लेकीची शाळा डोंबिवलीतच आणि पुढच्या वर्षी ती नववीत. हातात अकरा आठवडे होते. बजेट आम्ही १८,००० ठरवलं, कारण सात वर्षांत भाडी कुठे गेलीत ते ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कळलं.

१९ जानेवारीच्या रविवारी तीन एजंटांबरोबर सात घरं पाहिली. ही माझी पहिली चूक. संध्याकाळी चहा घेताना नवरा म्हणाला, "ते मोठ्या ओट्याचं घर बरं होतं." मी म्हटलं कोणतं? तो म्हणाला तिसरं. माझ्या मते तिसऱ्या घरात बाल्कनीतच बेसिन होतं. फोनमध्ये ८४ फोटो, सगळे पांढऱ्या भिंतींचे. कुठली भिंत कुठल्या घराची, दोघांनाही सांगता येईना. पुढच्या वेळेपासून एक सवय लावून घेतली. आधी इमारतीच्या नावाच्या पाटीचा फोटो, मग फ्लॅटच्या दाराचा नंबरासकट, मग आतले. पुढची पाटी आली की पुढचं घर सुरू. तीनपेक्षा जास्त घरं एका दिवसात बघायची नाहीत हेही तेव्हाच ठरलं.

एजंटांची भाषा शिकायला दोन रविवार लागले. "सेमी फर्निश्ड" म्हणजे पंखे, ट्यूबलाइट आणि ओट्याखाली ट्रॉल्या. "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हणजे रिक्षाने, तीही दुपारी तीन वाजता. "साडेसहाशे स्क्वेअर फूट" म्हणजे जिना, लॉबी, भिंती सगळं धरून. २०१६ च्या रेरा कायद्यात (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कार्पेट एरियाची व्याख्या आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी सोडून आत वापरता येणारी जागा. पण भाड्याच्या बाजारात तो आकडा कुणी देत नाही. आम्ही शिवणकामाच्या डब्यातली टेप घेऊन जायला लागलो. एका "साडेसहाशे"च्या घरात आतलं माप ४३०च्या आसपास भरलं. त्याहून उपयोगी मापं म्हणजे आमच्याच सामानाची: आईंचा पलंग सहा बाय साडेतीन, कपाटाची उंची साडेसहा फूट, फ्रिजची रुंदी. बेडरूममध्ये पलंग ठेवल्यावर कपाटाचं दार उघडणार का, एवढाच खरा प्रश्न होता, आणि दोन घरं त्यातच बाद झाली.

आणखी एक प्रश्न हमखास यायचा. आधी आडनाव, मग जरा थांबून, "नॉनव्हेज खाता का?" एका छान, हवेशीर घराच्या दारात एजंट हळूच म्हणाला, "मॅडम, सांगू नका ना, कोण बघायला येतंय!" आई तिथल्या तिथे म्हणाल्या, "दोन वर्षं खिडक्या लावून सुरमई तळायची होय?" ते घर तिथेच संपलं. वाईट वाटलं, पण खरं सांगते, आईंच्या त्या एका वाक्याने पुढचे बरेच वाद वाचवले.

२५ आणि २६ जानेवारी, जोडून सुट्टी. तेव्हा लांबचा विचार केला: बदलापूर आणि कल्याण पश्चिमेचं खडकपाडा. बदलापूरला पश्चिमेला टू बीएचके १०,५०० ला दाखवला. चौथा मजला, लिफ्ट, दोन बाल्कन्या, समोर डोंगर. आई तर बाल्कनीत उभ्याच राहिल्या. १०,५०० ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मनातल्या मनात महिन्याला साडेसात हजार वाचवून टाकले.

त्या रात्री लेकीची एक अर्धी उरलेली गणिताची वही काढली. प्रत्येक घराला एक पान. वर भाडं, खाली बाकीचं. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत खरोखर किती वेळ लागतो, हा पहिला रकाना. सध्या मला ५० मिनिटं लागत होती, नवऱ्याला ६५. सोमवारी त्याने अर्धी रजा टाकली आणि सकाळी बदलापूरहून ऑफिसला जाऊन बघितलं. ११० मिनिटं. माझे हिशोबाने ९५ झाले. म्हणजे दोघांनाही जाताना पाऊण तास जास्त, येताना पाऊण तास जास्त. दोघांचे मिळून रोजचे तीन तास, महिन्याच्या २४ कामाच्या दिवसांत ७२ तास. ७,५०० भागिले ७२. तासाला १०४ रुपये. नवरा म्हणाला, "एवढ्याला मी लोकलमध्ये उभा राहणार नाही." शिवाय कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा असे दोन फाटे होतात, त्यामुळे डोंबिवलीएवढ्या गाड्या पुढे मिळत नाहीत, एक चुकली की पुढचीची वाट बघा. माझ्या ऑफिसातला एकजण बदलापूरला अगदी सुखात राहतो. त्याची ड्युटी दुपारची आहे आणि आईवडील तिथेच आहेत, त्याचं गणित वेगळं.

बदलापूरचं दुसरं एक घर नदीच्या अंगाला होतं, पहिल्या मजल्यावर, ९,००० ला. एजंट गाडी लावत होता तेवढ्यात मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, पावसात पाणी येतं का? २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, ते दृश्य डोक्यात होतं. त्याने काहीच न बोलता शटरवर हात ठेवला. हात त्याच्या छातीपर्यंत होता. मग म्हणाला, "दरवर्षी नाही हां." भाड्याने घर बघणाऱ्याला एजंट खोटं सांगेल, मालक गोड सांगेल. समोरच्या दुकानदाराला त्यात काही मिळत नसतं, म्हणून तो खरं बोलतो. त्या दिवसापासून प्रत्येक इमारतीच्या खाली अर्धा लिटर दूध किंवा बिस्किटचा पुडा विकत घेऊन चौकशी करायची पद्धतच पडली.

खडकपाड्याचा टू बीएचके भाड्याने १८,०००, म्हणजे नेमका बजेटमध्ये. वहीत उतरवला आणि बसल्या जागी वाढत गेला. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाला माणशी २० रुपये. दोघं, जाऊन-येऊन, २४ दिवस: १,९२०. मेंटेनन्सचे १,५०० भाडेकरूने भरायचे. झाले २१,४२०. आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर टँकरची वर्गणी प्रत्येक फ्लॅटमागे वेगळी लावलेली होती, डिसेंबरची आणि जानेवारीची. डिसेंबरात टँकर, तर मे महिन्यात काय? मालकांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "पाणी चोवीस तास आहे." लिफ्टमध्ये भेटलेल्या बाई म्हणाल्या, "आहे ना, टाकीत असेल तोवर." भाडं हा घराबद्दल सगळ्यात कमी सांगणारा आकडा आहे, हे मला त्या वहीच्या पानावर पहिल्यांदा दिसलं.

आता टोकनची गोष्ट. ही लिहावी की नाही असा विचार करत होते, कारण यात शहाणपणा शून्य आहे.

२ फेब्रुवारीला ठाकुर्लीत एक घर पाहिलं. वन बीएचके पण मोठा, १६,०००. ठाकुर्लीला फक्त स्लो गाड्या थांबतात, पण घर स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर होतं. सगळ्यांना आवडलं. एजंट म्हणाला, आणखी दोन पार्ट्या आहेत, आज टोकन दिलंत तर थांबवतो. मी तिथेच उभ्या उभ्या ५,००० रुपये त्याच्या नंबरवर पाठवले. मालकाशी बोलणं नाही, काही लिहून घेतलं नाही. ५ तारखेला एजंटचा फोन: मालकाने ओळखीतल्या माणसाला जागा दिली. बरं, टोकन? "देतो ना, मॅडम." पुढचे बारा दिवस मी रोज एक मेसेज आणि एक फोन असा नेम धरला. एकदा तो म्हणाला, दुसरं घर दाखवतो, त्यातच धरू. मी नाही म्हटलं. १७ फेब्रुवारीला पैसे आले. त्या बारा दिवसांत मला स्वतःचाच जास्त राग येत होता. पन्नाशीकडे झुकलेली बाई, भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी थांबते आणि इथे पाच हजार एका "आज नाहीतर कधीच नाही"वर देऊन टाकते.

तेव्हापासूनचा नियम असा की टोकन द्यायचं तर फक्त मालकाच्या खात्यात, आणि त्याआधी मालकाला मेसेज: फ्लॅट नंबर, भाडं, डिपॉझिट, ताबा कधी, आणि मालकाकडून व्यवहार फिसकटला तर टोकन पूर्ण परत. मालकाचं "ओके" आलं की मगच पैसे.

९ फेब्रुवारीला एक घर जवळजवळ घेतलंच होतं. डोंबिवली पूर्व, जुनी चार मजली इमारत, तळमजला, पुढे पारिजातकाचं झाड, १७,०००. सवयीने नोटीस बोर्ड वाचला. विशेष सर्वसाधारण सभा, विषय: कलम ७९(अ) नुसार पुनर्विकासाच्या प्रस्तावावर निर्णय. मी तो कागद दोनदा वाचला. पुनर्विकासाला वर्षानुवर्षं लागतात, हे खरं. पण एकदा करार झाला की मालकाला बिल्डरकडून भाडं मिळतं, आणि भाडेकरूला मिळते नोटीस. एजंटला विचारलं तर म्हणाला, "अहो, दहा वर्षं चाललंय ते." मालकीणबाईंना विचारलं, त्या प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, यंदा बहुतेक होईल. घर शोधणाऱ्यांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी नोटीस बोर्ड वाचा म्हणेन. लिफ्ट किती वेळा बिघडते, पाणी किती वाजता सोडतात, कुणाची थकबाकी किती, पार्किंगवरून कोण भांडतंय, सगळं तिथे टाचणीने लावलेलं असतं.

१६ फेब्रुवारीपर्यंत पाहिलेल्या घरांचा आकडा १९ वर गेला होता. मधल्या काळात एका मालकाने ९,००० बँकेत आणि ८,००० रोख असा प्रस्ताव ठेवला. करारात कमी भाडं दाखवलं तर त्याचा कर वाचतो आणि आपला एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची करसवलत, बुडतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी ऑफिसला मालकाचा पॅन द्यावा लागतो, त्यामुळे "पॅन द्याल ना?" हा प्रश्न मी आता पहिल्याच फोनवर विचारू लागले होते. दुसऱ्या एका ठिकाणी नवी कोरी सात मजली इमारत, टू बीएचके फक्त १३,०००. इतकं स्वस्त का, याचं उत्तर एजंटकडे नव्हतं. डोंबिवलीत ६५ इमारती महापालिकेच्या खोट्या परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवून उभ्या राहिल्या होत्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे नुसता रेरा नंबर बघून भागत नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला महापालिकेची परवानगी) आहे का विचारलं. "काम चालू आहे," म्हणाला. आम्ही जिना उतरलो. ही इमारत त्यातली होती असं मी म्हणत नाही, पण तपासत बसण्याइतका वेळ नव्हता.

त्या आठवड्यात घरात सगळे चिडचिडे झाले होते. लेक म्हणाली, "आपण बघतोच आहोत फक्त." आईंनी तर गावी जाऊन राहते असं सुरू केलं, जे त्या सहसा म्हणत नाहीत.

घर शेवटी मिळालं ते इस्त्रीवाल्यामुळे. माझी मैत्रीण पूर्वेला राहते. २० फेब्रुवारीला संध्याकाळी तिच्याकडे गेले असताना तिच्या इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याला सहज विचारलं. तो म्हणाला, मागच्या सोसायटीत बी विंगमधलं कुटुंब फेब्रुवारीअखेर जातंय, त्यांचे कपडे द्यायला गेलो तेव्हा खोकी बांधत होते. मालक पुण्याला असतात. कुठल्याही अ‍ॅपवर ते घर नव्हतं, एजंटकडेही गेलेलं नव्हतं. वॉचमन, इस्त्रीवाला, पोळ्यांच्या बाई, दूध टाकणारा मुलगा, यांना घर रिकामं होतंय हे मालकाच्या आधी कळतं. हे मला सहा आठवड्यांनी सुचलं.

२२ तारखेला घर पाहिलं. दुसरा मजला, लिफ्ट, छोटा टू बीएचके. दुसरी खोली म्हणजे खरं तर मोठं कपाटच, पण आईंचा पलंग टेपने बसला आणि खिडकीही होती. महानगर गॅसची पाइपलाइन आलेली. स्टेशनपर्यंत चालत १४ मिनिटं, म्हणजे रिक्षा नाही. स्वयंपाकघरात ओलीचा एक डाग होता, त्याचा फोटो काढला. २४ तारखेला, सोमवारी, पहाटे सव्वासहाला मी एकटी तिथे गेले. पंप चालू होता, पाणी चढत होतं, बाजूच्या इमारतीत कुत्रा भुंकत होता. रात्री साडेआठला नवरा गेला, पार्किंगवरून कुणी भांडत नव्हतं आणि जवळ लग्नाचा हॉल नाही हे बघून आला. घर एकदाच आणि दुपारी बघू नये, एवढं मी आतापर्यंत शिकले होते.

मालकांनी २०,५०० सांगितलं. भाव करायला मला जमत नाही, नवऱ्याला त्याहून नाही. फोनवर आम्ही वेगळंच मांडलं: अकरा महिन्यांऐवजी चोवीस महिन्यांचा करार करूया, तुम्हाला दोन वर्षं भाडेकरू शोधायला पुण्याहून यायला नको, एजंटही नको. मालक, म्हणजे काका, "काकूंशी बोलतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ठरलं: पहिल्या वर्षी १९,०००, दुसऱ्या वर्षी २०,०००, डिपॉझिट ६०,०००, मेंटेनन्स आणि घरपट्टी मालकांकडे, ओलीचं काम तेच करून देणार. बजेटपेक्षा हजार जास्त, पण वहीत खडकपाड्याच्या पानाशेजारी ठेवलं तर २,४२० ने कमी.

आता कागदपत्रं. लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याच्या घराचा, करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, असं अजूनही लोक सांगतात. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड त्यालाच. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत धरलं जातं. नुसत्या नोटरीवर भागवू म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगता येतं.

स्टँप ड्युटीचा हिशोब मी स्वतः केला, कारण अ‍ॅग्रीमेंटवाले एकगठ्ठा आकडा सांगतात. पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, त्याच्या ०.२५ टक्के. आमचं भाडं २,२८,००० अधिक २,४०,०००, म्हणजे ४,६८,०००. साठ हजारांवर दोन वर्षांचं व्याज १२,०००. एकूण ४,८०,०००, त्यावर ड्युटी १,२००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. डॉक्युमेंट हँडलिंगचे पैसे आणि घरी येऊन काम करणाऱ्या माणसाची फी धरून ४,८०० झाले, निम्मे आम्ही, निम्मे मालकांनी. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवरून हे स्वतःही करता येतं, पण थम्ब मशीन आणि वेबकॅम लागतो, म्हणून आम्ही माणूस बोलावला. आधार, पॅन, मालकांचं वीजबिल आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा), दोन साक्षीदार त्यांच्या आधारसकट, एवढी तयारी.

१ मार्चला ड्राफ्ट आला. सतरा पानं. आई सोडून सगळ्यांनी वाचला, आणि चूक सापडली ती लेकीला. फ्लॅट नंबर बरोबर, पण विंगच लिहिलेली नव्हती. थम्ब झाल्यावर असलं काही सापडलं असतं तर सगळं पहिल्यापासून. आणखी तीन गोष्टी आम्ही बदलून घेतल्या. दोन्ही बाजूंना नोटीस एकच महिन्याची (छापील मसुद्यात मालकाला एक आणि आम्हाला दोन होती). लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही, तो सहा महिने. आणि डिपॉझिट किल्ली देण्याच्या दिवशीच परत. मोठी दुरुस्ती मालकाची हेही लिहून घेतलं, कारण ओलीचा डाग फोटोत होता पण कागदावर नव्हता.

४ मार्चला आमचे अंगठे झाले, दहा मिनिटांत. अडलं पुण्यात. सगळ्यांना एकाच ठिकाणी यावं लागत नाही, त्यामुळे तिकडचा माणूस मशीन घेऊन मालकांच्या घरी गेला. काकांचं झालं. काकूंचा अंगठा चार वेळा नाकारला. वय सत्तरीपुढे, आयुष्यभर भांडी घासलेले हात, रेषाच राहिलेल्या नाहीत. काकू फोनवर मलाच म्हणत होत्या, "अगं, मीच आहे गं ती." दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, थोडं क्रीम लावून दुसऱ्या बोटाने प्रयत्न केला आणि झालं. मालक वयस्कर असतील तर यासाठी एकदोन दिवस हाताशी ठेवा. ६ तारखेला करार दाखल झाला, मध्ये शनिवार-रविवार गेला, ११ तारखेला नोंदवलेली प्रत आणि इंडेक्स टू आला.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हेही मालकाचं काम. काकांना ऑनलाइन जमेना, तेव्हा मी फोटो आणि आधारचे तपशील पाठवून फोनवर एकेक रकाना भरून घेतला. पोचपावती सोसायटीने मागितलीच. सेक्रेटरी काका कडक पण सरळ. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते ती रक्कम) भाडेकरूने द्यायचे असतात असं ते म्हणाले. ते मालकाच्या बिलात येतात आणि सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, २००१ च्या सरकारी आदेशात तसं आहे. मी ते मालकांनाच बोलायला लावलं, कारण नव्या सोसायटीत पहिल्याच दिवशी कलमं ऐकवणारी भाडेकरीण व्हायची माझी हौस नव्हती. सामान चढवताना लिफ्टचे म्हणून १,००० घेतले. पावती मागितली, दिली.

१५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, किल्ली मिळाली. रिकाम्या घराचा चालत चालत व्हिडिओ काढला, प्रत्येक नळ, प्रत्येक बटण, प्रत्येक डाग, आणि तो लगेच मालकांना पाठवला. वीज मीटरचा आकडा वेगळा फोटो काढून ठेवला. बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अ‍ॅपवर आधीच्या भाडेकरूचं ७४० रुपयांचं बिल राहिलेलं दिसलं, ते मालकांनी त्याच दिवशी भरलं.

पैशांचं एक कुणी आधी सांगत नाही. जुनं डिपॉझिट किल्ली दिल्यावर मिळतं आणि नवं किल्ली घ्यायच्या आधी द्यावं लागतं. आमचा एकरकमी खर्च असा झाला: डिपॉझिट ६०,०००, पहिलं भाडं १९,०००, कराराचे २,४००, टेम्पो आणि हमाल ७,०००, सोसायटी १,०००, इलेक्ट्रिशियन आणि पडद्याचे रॉड वगैरे ३,५००, आणि इस्त्रीवाल्याला आम्ही आपणहून २,०००. झाले ९४,९००. शिवाय मार्चचे शेवटचे पंधरा दिवस भाडं दोन्हीकडे. एजंट असता तर महिन्याचं भाडं आणखी. माझी भिशी नशिबाने फेब्रुवारीत लागली होती, नाहीतर एफडी मोडावी लागली असती.

२२ आणि २३ मार्चला सामान हललं. सात वर्षांत काय काय साठतं! २९ तारखेला जुनं घर धुऊन पुसून किल्ली दिली. जुन्या मालकांनी ३८,५०० परत केले, रंगाचे दीड हजार कापून. वाद घातला नाही. सात वर्षांच्या भिंती होत्या, आणि लेकीची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदलेली होती, ती मी पुसली नव्हती. ३० तारखेला पाडवा. बाल्कनीच्या ग्रिलला गुढी बांधायला सुतळी कुठल्या खोक्यात आहे ते कुणालाच आठवेना, शेवटी ओढणीने बांधली.

फोनमध्ये १ डिसेंबर २०२६ ची आठवण लावून ठेवली आहे: काकांना फोन, करार १४ मार्चला संपतोय. वही मैत्रिणीच्या जावेने नेली आहे. तिला ठाकुर्लीत घर हवंय, आणि त्या पानावर मी लाल पेनाने एजंटचा नंबर खोडून ठेवला आहे.